नदीचा ट्रे

सकाळी सात वाजता शैला भोईने चार नंबरच्या टाकीत मूठभर दाणा टाकला आणि सवयीने दहा आकडे मोजले. दाणा पाण्यावर पसरला, ओला झाला आणि माशांच्या पिल्लांच्या नाकासमोरून सावकाश खाली गेला. एकाही पिल्लाने तोंड उघडलं नाही. तळाशी काल टाकलेल्या दाण्याचा थर होता, त्याखाली परवाचा, आणि त्या थरावर मेलेली पिल्लं आडवी पडली होती. अन्नाच्या गादीवर उपाशी मेलेली पिल्लं शैलाने आपल्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

"खावा की रं मुडद्यांनो," ती म्हणाली. "समूर हाय ते खावा."

हा नववा दिवस होता. घाटात दरड कोसळली होती आणि माशांच्या खाद्याचा कंपनीचा ट्रक पलीकडे अडकला होता. पहिल्या दिवशी कुणी फारशी काळजी केली नाही, कारण गोदामात महिला गटाने केलेला अळीचा दाणा पोत्यांनी पडून होता. काळ्या माशीच्या अळ्या वाळवून, दळून, चाळून केलेला हा दाणा संस्थेतल्या माशांनी पूर्वी मिटक्या मारत खाल्लेला होता. यंदाची पिल्लं मात्र त्याच्याकडे वाळू असल्यासारखी बघत होती.

कोयनेच्या जलाशयाकाठी मेटवाडीत ही मत्स्यपालनाची संस्था उभी होती. धरणात गावं गेलेल्या लोकांनी मिळून काढलेली. सॅमन हा थंड देशातला मासा, सह्याद्रीत त्याचं काय काम, म्हणून सुरुवातीला सगळं खोरं हसलं होतं. पण पाणी बारा अंशांच्या वर जाऊ न देणारी यंत्रं आली आणि मासा रुळला. कोयनेत जाळी टाकणाऱ्या भोयांच्या लेकी-सुना आता पांढरे गमबूट घालून टाक्यांमधून फिरत होत्या.

शैलाकडे पहिल्या घासाचं काम होतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटाखाली एक पिवळी पिशवी घेऊनच जन्माला येतं. पुस्तकात तिला पीतकोश म्हणतात, संस्थेतल्या बायका शिदोरी म्हणतात. शिदोरी आहे तोवर पिल्लू तळाशी गप पडून राहतं. ती संपत आली की वर येतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडतं. त्याआधी दाणा टाकला तर पाणी नासतं आणि पिल्लांचे कल्ले बुजतात. उशीर झाला तर पिल्लू खाणंच शिकत नाही, डोकं मोठं आणि अंग सुईसारखं होऊन मरतं. मधले दोनच दिवस कामाचे. त्या दोन दिवसांत कोणता दाणा द्यायचा, किती बारीक, कुठल्या वासाचा, हे शैला ठरवायची. आठ वर्षांत तिने अकरा प्रकारचे दाणे नापास केले होते.

बारावा दाणा 'आद्या'. हिमग्रास कंपनीचा. पहिल्याच तासाला शंभरातली शंभर पिल्लं त्यावर तुटून पडली. असं कधी घडलं नव्हतं. आद्या शैलानेच पास केला. हे ती स्वतः विसरायला तयार नव्हती, म्हणून आपणही विसरू नये.

त्या दाण्याला एक वास होता, पिकल्या फणसाच्या गऱ्यात लोखंडी खिळा ठेवावा तसा, गोड आणि गंजका. तो हातांना लागला की साबणाने जात नसे. घरी नातीच्या पाळण्याजवळ गेलं तरी शैलाला तो वास यायचा, म्हणून दोन-दोन वेळा हात घासल्याशिवाय ती रेवाला उचलत नसे.

दुपारी घाट मोकळा झाला. ट्रकच्या आधी डॉ. आमोद सबनीसांची गाडी आली. सबनीस हे हिमग्रासचे पोषणतज्ज्ञ, पस्तिशीचे आणि बोलायला गोड. दोन वर्षांपूर्वी ते तीन महिने इथे राहिले होते, पालथ्या घातलेल्या टबवर बसून शैलाचा शब्द न् शब्द टिपून घेत होते. शैलानेही हातचं काही राखलं नव्हतं. एवढा शिकलेला माणूस आपल्याला विचारतो, याची तिला कोण धन्यता वाटली होती.

सबनीसांनी गाडीतून आद्याची पिशवी आणली आणि मूठभर दाणा चार नंबरच्या टाकीत टाकला. पाणी उकळल्यासारखं झालं. उरलीसुरली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून खाऊ लागली.

"बघा ताई," सबनीस हसले. "काळजीचं कारण नव्हतं. भूक शाबूत आहे."

"भूक शाबूत हाय ते मलाबी दिसतंय. निम्मी टाकी ती भूक घिऊनच मेली. अळीचा दाणा का खाल्ला न्हाई त्यांनी, ते सांगा."

"एकदा एका खाद्याची सवय लागली की..."

"सवय मोडती, साहेब. मरंस्तवर मोडली न्हाई, तिला सवय म्हनत न्हाईत."

सबनीसांनी हात पुसले. "आम्ही त्याला ठसा म्हणतो. अन्न म्हणजे काय, हे पिल्लाच्या मेंदूत त्या पहिल्या दोन दिवसांत ठरतं. तुम्हीच तर मला दाखवलं होतं. निसर्गात ते दार पूर्ण लागत नाही, थोडं किलकिलं राहतं. आद्यामध्ये एक प्रथिन आहे, ते दार घट्ट लावून घेतं. मग मासा चोखंदळपणा करत नाही आणि दाणा वाया जात नाही. जन्मभर एकनिष्ठ राहतो."

"एकनिष्ठ!" शैलाचा आवाज चढला. शेजारच्या टाक्यांवरच्या बायका वळून बघू लागल्या. "कुलूप लावलंसा म्हना की! आन किल्ली तुमच्या खिशात. कुनाला इचारून?"

"करारात आहे, ताई. परिशिष्ट तीन."

"माशांनी वाचलं व्हतं का तुमचं परिशिष्ट?"

रागाने शैलाचे कान तापले होते. तिला टाकीतला तो कुजका थर ओंजळीने उचलून या माणसाच्या इस्त्रीच्या शर्टावर थापावासा वाटला. तिने तसं केलं नाही. ती वळली आणि "या माज्या मागनं" एवढंच म्हणाली.

शेडच्या टोकाला एक लहान टाकी होती. तिच्यावर नंबर नव्हता. शैलाचे वडील, अण्णा, कोयनेवर जाळं टाकायचे तेव्हा हाती लागलेला पहिला मासा परत पाण्यात सोडायचे. केवढाही असो. "पयला नदीचा," म्हणायचे. कुणी कारण विचारलं तर चिडायचे. त्यांच्याही बापाने त्यांना कारण सांगितलं नव्हतं. शैलाने अंड्यांच्या ट्रेपाशी तेच चालू ठेवलं. दर खेपेला पहिला ट्रे बाजूला. त्याला कंपनीचं काहीच द्यायचं नाही. मागच्या हौदातल्या पाणपिसवा म्हणजे पाण्यातले बारीक किडे, अळीचा दाणा, असेल ते द्यायचं. बायका त्याला नदीचा ट्रे म्हणायच्या. संस्थेचे साहेब लोक त्याला शैलाचं खूळ म्हणायचे.

टाकीत गुबगुबीत पिल्लं फिरत होती. शैलाने अळीचा दाणा टाकला. पाणी उसळलं.

"ही कुठली खेप?" सबनीसांनी विचारलं.

"तीच. तुमच्या चार नंबरची. त्याच अंड्यांची. फकस्त तुमचा घास ह्यांच्या तोंडात पडला न्हाई."

सबनीस वाकून बघत राहिले. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. गुबगुबीत पिल्लांमध्ये काही वेगळीच होती, मोठ्या डोक्याची, सुईसारख्या अंगाची. त्यांच्या पारदर्शक पोटात काळसर ठिपका दिसत होता. अळीच्या दाण्याचा रंग काळा असतो.

"ही कोण?"

"ही तुमची. पाचव्या दिशी मला बघवंना, तवा तीनशे उचलून हितं वतली. म्हनलं मरायचंच तर चार खात्यापित्यात मरूद्या. चार दिस नुसती बघत ऱ्हायली. दुसरी कशी खात्यात ते बघत. आन आज सकाळपास्नं खायला लागल्यात."

"सगळी?"

"न्हाई. शंभर-सव्वाशे. बाकीची ग्येली."

सबनीसांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. त्यांनी फोन काढून टाकीचे फोटो घेतले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ही पिल्लं मला द्याल? अभ्यासासाठी."

शैला टाकीच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. "हात तर लावून दाखवा," ती म्हणाली.

दोन दिवसांनी, रविवारी, शैलाच्या घरी उष्टावण होतं. मुलगी कांचन बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची रेवा आता सातव्या महिन्यात होती. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून शैलाच्या मुलाने, दिगूने, जलाशयातल्या लाँचवरची आपली पाळी दुसऱ्याला दिली होती. पाटाभोवती रांगोळी होती, चांदीच्या वाटीत तांदळाची खीर होती. दिगूने खिरीत सोन्याची अंगठी बुडवली आणि रेवाच्या ओठांना लावली.

रेवाने तोंड फिरवलं.

"लाजती मामाला," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दिगूने पुन्हा लावली. रेवाने जिभेने खीर बाहेर ढकलली, नाक आक्रसलं आणि रडायला सुरुवात केली. मऊ भात आणला, वरणाचं पाणी आणलं, केळं कुस्करलं. प्रत्येक वेळी तेच. पोरगी भुकेली होती, मुठी चोखत होती, आणि समोर आलेला घास मातीचा असल्यासारखा थुंकत होती. बायका अजून हसत होत्या. शैलाचं हसू मात्र कधीच थांबलं होतं. हे तिने कुठेतरी बघितलेलं होतं.

"आई, थांब," कांचन म्हणाली. "चमच्याला जरा अंकुर लावते. मग घेते ती. महिनाभर औषध पाजतानाही तसंच करतेय मी."

तिने फडताळातून हिरवी पुडी आणली. बोटाच्या टोकावर चिमूट घेऊन पाण्यात कालवली. चमचा अजून वीतभर लांब होता, तेवढ्यात रेवा रडायची थांबली आणि तिने आ केला. तिचं सगळं अंग त्या चमच्याकडे ओढलं गेलं.

शैला खाली वाकली. गोड आणि गंजका वास. नऊ दिवस आद्याचा दाणा संस्थेत आला नव्हता आणि त्यानंतर सबनीसांच्या पिशवीला किंवा ट्रकमधल्या पोत्यांना तिने हातही लावला नव्हता. हा वास तिच्या हातांचा नव्हताच. गेला महिनाभर ती उगाच हात घासत होती. वास बाळाच्या तोंडाचा होता.

तिने कांचनच्या हातातून चमचा हिसकावला.

पुड्यांचा तो डबा या घरात तिनेच आणला होता. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात कंपनीने तिचा सत्कार केला, शाल दिली, आणि खोऱ्यातल्या बाळांसाठी मोफत 'अंकुर'चा पहिला डबा तिच्याच हातात ठेवला. उष्टावणाआधी बाळाला काही द्यायचं नाही, असं कुणी म्हातारी म्हणालीच, तर कंपनीच्या बाईंकडे उत्तर तयार होतं. हे अन्न नव्हे, टॉनिक आहे. म्हणजे उष्टावण मोडत नाही. पाच महिने झाले की फक्त दोन दिवस, दिवसातून तीन वेळा, जिभेवर थेंब. मग हवं तेव्हा. शैलाला ते पटलं होतं. तिने स्वतःच्या करंगळीने पहिला थेंब रेवाच्या जिभेवर ठेवला होता.

तिने पुडी उलटी केली. मागे नक्षीदार अक्षरात छापलं होतं: "त्या दोन दिवसांत जे द्याल, ते जन्माचं." हे वाक्य तिचंच होतं. पालथ्या टबवर बसलेल्या माणसाला तिने माशांबद्दल सांगितलेलं. सत्काराच्या दिवशी ते वाचून तिने चार जणींना कौतुकाने दाखवलंही होतं.

अंगणात जाऊन तिने सबनीसांना फोन लावला.

"अंकुरबी तुमच्याच कंपनीचं न्हवं?"

"आमच्या भगिनी कंपनीचं. का ताई?"

"त्यात ते दार लावायचं परथिन हाय?"

"प्रमाण अत्यल्प आहे. बाळं निरोगी आहेत, ताई. वजनं उत्तम वाढताहेत. चोखंदळ पोरांमागे वाटी घेऊन धावणाऱ्या आयांना विचारा, त्यांचा केवढा त्रास वाचणार आहे. आणि वर्षाच्या पुढे द्यायला आम्ही अंकुर-दोन आणतोच आहोत."

"आन त्याच्याफुडं अंकुर-तीन. आन पोरगी म्हातारी होस्तवर अंकुर-साठ! आन तुमचा ट्रक घाटात अडकला तर?"

"तुम्ही उगाच टोकाला जाताय. माणसाचं बाळ म्हणजे मासा नव्हे."

"मंग त्याला माशाचा घास का चारलासा?"

सबनीस पुन्हा वजनांचे आकडे सांगू लागले, तसं शैलाने त्यांना तोडलं.

"खोऱ्यात किती पोरांस्नी दिलं?"

"सगळ्यांना," सबनीस म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखर अभिमान होता. "या वर्षी पाच महिने पूर्ण झालेल्या एकूण एक बाळाला. कुणालाही वगळलं नाही."

"एकालाबी बाजूला ठिवलं न्हाई?"

"तो अन्याय झाला असता, ताई."

शैलाने अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याला हात टेकला. आठ वर्षं ती अशा माणसांना साहेब म्हणत आली होती. "अरे, माजा अडानी बाप," ती म्हणाली, "पयला मासा नदीला सोडायचा. आपलं चुकलं तर नदीपाशी एक तरी शाबूत ऱ्हावा म्हनून सोडत आसंल. त्याला तेवढी अक्कल व्हती. तुला येवढं शिकून ती आली न्हाई. एक पोर ठिवलं न्हाईस रं तू. एकसुदिक ठिवलं न्हाईस!"

तिने फोन बंद केला. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्यातली निम्मी आग तिची स्वतःवरच होती.

आत कांचन रडणाऱ्या रेवाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. शैलाने जे होतं ते तिला सांगितलं, काही न लपवता, पहिला थेंब कुणी ठेवला तेही. कांचन ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "आता काय करायचं?" आणि त्या प्रश्नात चिडण्यापेक्षा भीती जास्त होती.

"तुजं दूध हाय न्हवं?"

"आहे. पण पुढच्या महिन्यात कामावर जायचंय. आटायला लागलंय, आई."

"हाय तवर उपाशी ऱ्हात न्हाई ती. तेवढेच दिस हायेत आपल्याकडं." शैला दिगूकडे वळली. "आळीतली पोरं आन. दोन वर्सावरची. ज्यांनी पयला घास घरातला खाल्लाय ती. जा."

पोरं आली. जेवायला मिळणार म्हणून पळतच आली. शैलाने चटया अंथरल्या, पाच पोरांना गोल बसवलं आणि मधे पाटावर रेवाला ठेवलं. दिगूने सगळ्यांना खीर वाढली. हिरव्या पुड्यांचा डबा शैलाने चुलीत घालायला उचलला, तेव्हा कांचनने तिचा हात धरला.

"एक राहू दे. अगदीच नाही खाल्लं तर?"

शैलाला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर चार नंबरची टाकी आली, तळाचा थर आणि त्यावरची आडवी पिल्लं. तिने एक पुडी कांचनच्या हातात ठेवली आणि बाकीचा डबा जाळला. घरभर तो वास पसरला. रेवाने मान वळवून चुलीकडे पाहिलं आणि हात पसरले.

मग पोरं जेवू लागली. बोटं चाटत, भुरके मारत, एकमेकांच्या ताटलीत डोकावत. शेजारच्या तीन वर्षांच्या आबूने कोपरापर्यंत खीर माखून घेतली होती. रेवाचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. ती आबूच्या हाताकडे बघू लागली. हात ताटलीत जाई तेव्हा ती खाली बघे, तोंडाशी जाई तेव्हा वर. दिगू वाटी घेऊन पुढे सरकला, तशी शैलाने खुणेने त्याला थांबवलं. टाकीत तिने कुणाला भरवलं नव्हतं. पिल्लं नुसती बघत राहिली होती.

पहिल्या दिवशी रेवाने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी ही गोष्ट कानावर गेलेल्या खोऱ्यातल्या आणखी सहा आया आपापली बाळं घेऊन अंगणात आल्या. कुणी शैलाला शिव्या देत आली, कुणी रडत. शैलाने शिव्या ऐकून घेतल्या आणि चटया वाढवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी आबूने भाताचा एक घास मुठीत धरून रेवापुढे केला. रेवाने तो हुंगला. तिचे ओठ किंचित हलले. पाटामागे बसलेल्या कांचनची मूठ अजूनही त्या एका पुडीभोवती घट्ट मिटलेली होती. अंगणात आता सात बाळं होती, आणि खोऱ्यात आणखी किती होती ते शैलाला माहीत नव्हतं. तीनशेतली शंभर-सव्वाशे तरली होती, हा हिशोब मात्र तिला पाठ होता. तो माशांचा होता. इथे तिला एकही गमवायचं नव्हतं.

तिने श्वास रोखून सवयीने दहा आकडे मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत आली तरी तो घास ओठांशीच होता. दहा झाले आणि दार उघडलं नाही, तर कांचनची मूठ तिने कोणत्या तोंडाने अडवायची?